कतारमधल्या तीन सामन्यांनंतर: भारतीय संघासाठी गोल कोण करणार?

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका पालकांनी मला विचारले आहे : "कतारमधल्या आशियाई करंडकात भारताचा पुरुष संघ तिन्ही सामने हरला, त्याला एकही गोल करता आला नाही, आणि पुढच्या करंडकासाठी तर तो पात्रही ठरला नाही. या संघाला आता काही भवितव्य आहे का? प्रशिक्षक बदलून किंवा परदेशातले भारतीय वंशाचे खेळाडू आणून फरक पडेल का? माझा अकरा वर्षांचा मुलगा फॉरवर्ड खेळतो, म्हणून मनापासून विचारतो आहे."

गेली चोवीस वर्षे मी पुण्यात आठ ते सोळा वर्षांच्या मुलांना फुटबॉल शिकवतो आहे. राष्ट्रीय संघाच्या शिबिरात मी कधी काम केलेले नाही, पण त्या शिबिरात जाणारी मुले कुठून येतात, कुठे अडतात आणि कोणत्या वयात खेळ सोडतात हे मी रोज पाहतो. माझे उत्तर आधीच सांगतो. भवितव्य आहे, पण ते लांबचे आहे, आणि ते प्रशिक्षकाच्या नेमणुकीवर फार थोडे अवलंबून आहे. आपला संघ गोल करू शकत नाही याचे मूळ दोन जागी आहे : दहा ते सोळा या वयात मुलांना पुरेसे साखळी सामने मिळत नाहीत, आणि अठरा ते एकवीस या वयात गोलसमोर उभे राहून मोठ्यांचे सामने खेळायला मिळत नाहीत. या दोन जागा भरल्या नाहीत तर पुढचा प्रशिक्षकही याच खेळाडूंमधून निवड करणार आणि निकालही बहुधा हेच लागणार.

आधी घडले काय ते पाहू. जानेवारी २०२४ मध्ये भारत ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३ आणि सीरियाकडून ०-१ असा हरला. यातला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना मी तीन वेळा पाहिला आहे, कारण त्यात आपली ताकद आणि आपले दुखणे दोन्ही स्पष्ट दिसतात. मध्यंतरापर्यंत गोलफलक ०-० होता आणि बचाव शिस्तीत उभा होता. पूर्वार्धातच उजवीकडून आलेल्या एका सुरेख क्रॉसवर सुनील छेत्रीने हेडर मारला, तो गोलखांबाच्या बाहेरून गेला. त्या वेळी छेत्रीचे वय ३९ होते. आशियातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत, सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्ध्यासमोर, गोलसमोरच्या बॉक्समध्ये नेमक्या क्षणी नेमक्या जागी पोहोचलेला आपला खेळाडू ३९ वर्षांचा होता, ही गोष्ट मला त्या हुकलेल्या हेडरपेक्षा अधिक अस्वस्थ करते.

त्यानंतरची घसरण अनेकांच्या लक्षात नीट राहिलेली नाही. २०२३ मध्ये या संघाने इंफाळची तिरंगी स्पर्धा, भुवनेश्वरचा इंटरकॉन्टिनेंटल करंडक आणि दक्षिण आशियाई देशांचा बंगळुरूतला सॅफ करंडक जिंकला होता आणि जुलैमध्ये तो फिफाच्या क्रमवारीत ९९व्या स्थानी होता. आशियाई करंडकानंतर तो ११७व्या स्थानी आला. विश्वचषक पात्रतेत गुवाहाटीत अफगाणिस्तानने आपल्याला २-१ असे हरवले, कोलकात्यात कुवेतशी गोलशून्य बरोबरी झाली आणि त्याच सामन्यानंतर छेत्रीने निरोप घेतला. २०२४ या संपूर्ण वर्षात भारत ११ सामने खेळला आणि एकही जिंकला नाही. त्या ११ सामन्यांत आपण फक्त ४ गोल केले : एक छेत्रीचा पेनल्टीवरचा, एक जूनमध्ये कतारविरुद्ध लालियानझुआला छांगटेचा, एक फारुख चौधरीचा आणि एक राहुल भेकेचा. भेके बचावपटू आहे. म्हणजे वर्षभराच्या खेळात चालत्या चेंडूवर आघाडीच्या खेळाडूंनी केलेले गोल दोनच आहेत. मार्च २०२५ मध्ये छेत्रीला चाळिशीत निवृत्ती सोडून परत यावे लागले ते यामुळेच. ऑक्टोबरमध्ये गोव्यात फातोर्ड्याला छांगटेने आघाडी मिळवून दिल्यावरही सिंगापूरने आपल्याला २-१ असे हरवले आणि २०२७च्या करंडकाचे दार बंद झाले. पुढच्या महिन्यात ढाक्यात बांगलादेशकडून हरल्यावर आपण १४२व्या स्थानी होतो.

प्रशिक्षकाचा प्रश्न मी थोडक्यात संपवतो, कारण त्यावर आधीच गरजेपेक्षा जास्त बोलले गेले आहे. इगोर स्टिमॅच यांना जून २०२४ मध्ये काढले. मानोलो मार्केझ आले, आठ सामन्यांत एक विजय मिळवून ते गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील आले, आणि महिन्याभरात त्यांच्या संघाने ताजिकिस्तानला त्याच्याच घरी हरवून आणि ओमानला शूटआउटमध्ये नमवून मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. त्याच संघाला पुढच्या महिन्यात सिंगापूरला हरवता आले नाही. यातला प्रत्येक जण आपापल्या परीने चांगला प्रशिक्षक आहे. जमील यांनी आयझॉलसारख्या छोट्या क्लबला २०१६-१७ मध्ये, तेव्हा देशातली अव्वल मानली जाणारी आय-लीग जिंकून दिली आहे, त्यामुळे हाताशी असेल त्या खेळाडूंकडून काम कसे करून घ्यायचे हे त्यांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक आहे. त्यांना किमान चार वर्षे निर्धास्तपणे काम करू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हातात खेळाडू वर्षातून काही आठवडेच असतो. कतारच्या करंडकाआधी संघाला तिथे जेमतेम दोन आठवडे सरावाला मिळाले होते. तेवढ्या काळात बचावाची रचना बसवता येते. बॉक्समध्ये कोणत्या क्षणी कुठे धाव घ्यायची हे त्या काळात शिकवता येत नाही, ते दहा वर्षे आधी शिकलेले असावे लागते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. २०२४-२५ पर्यंतच्या तिच्या ११ हंगामांत सर्वाधिक गोलांचे पारितोषिक एकदाही भारतीय खेळाडूला मिळालेले नाही. एलानो, कोरो, ओग्बेचे, दियामांताकोस, अजाराई ही नावे पाहा, सगळे बाहेरचे. २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडू खेळवता येतात, आणि त्या चारांपैकी एक बहुतेक क्लब मधल्या स्ट्रायकरसाठी राखून ठेवतात. क्लबच्या बाजूने हा हिशेब चुकीचा नाही, कारण गोल करणारा माणूस सर्वांत महाग असतो आणि तो तयार मिळत असेल तर घडवण्याची जोखीम कोण घेईल? मात्र याचा परिणाम खाली झिरपत जातो. वीस वर्षांच्या भारतीय फॉरवर्डला क्लबचा प्रशिक्षक विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला पाठवतो. खुद्द छेत्री, मिकू हा परदेशी स्ट्रायकर संघात असताना, बंगळुरूसाठी बराच काळ डावीकडून खेळला. अकादम्यांचे प्रशिक्षक हे पाहतात आणि पंधरा वर्षांच्या वेगवान मुलाला आधीच विंगर करून टाकतात, कारण पुढे त्याला काम तिथेच मिळणार असते. छांगटे हा आज आपला सर्वांत धोकादायक आक्रमक आहे आणि तो मुळात विंगर आहे. तो मिझोरमहून येऊन पुण्यात डीएसके शिवाजियन्सच्या अकादमीत घडला, याचा आम्हा पुणेकरांना अभिमान आहे. पण त्याच्या क्रॉसवर झेप घेणारा दुसरा भारतीय आपण घडवलेला नाही.

हे झाले वरचे टोक. खालच्या टोकाला काय होते ते मैदानावरच पाहावे लागते. मध्यंतरी एका रविवारी सकाळी एसएसपीएमएसच्या मैदानावर माझ्या तेरा वर्षांखालच्या संघाचा सामना होता. उजवीकडून चांगला पास आला आणि आमचा बारा वर्षांचा फॉरवर्ड गोलपासून दहा-बारा पावलांवर एकटा होता. त्याने चेंडू तळव्याखाली दाबून थांबवला. मग तो उजव्या पायावर घेतला. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. इतक्यात दोन बचावपटू येऊन पोहोचले आणि चेंडू कॉर्नरला गेला. बाहेरून पालक ओरडत होते, "अरे मार ना!" सामना संपल्यावर मी त्याला विचारले की तू माझ्याकडे का पाहिलेस. तो म्हणाला, "सर, मारू का ते विचारत होतो."

त्या मुलाची काही चूक नव्हती. आठवड्यातले चार दिवस तो बाणेरच्या टर्फवर पाच-पाचच्या संघात खेळतो. तिथे चेंडू तळव्याने थांबवणे बरोबरच असते, कारण जागा लहान असते. भोवती जाळी असल्यामुळे चेंडू बाहेर जात नाही, क्रॉस येत नाही, हेडर मारावा लागत नाही, आणि बचावपटूच्या मागे धावायला मोकळी जागाच नसते. टर्फला मी दोष देणार नाही. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असताना सरावाचा तोच एक आधार असतो आणि मुलांचे पाय तिथे फार चपळ होतात. परंतु स्ट्रायकरची कला ही पहिल्या टचलाच चेंडू मारायचा की थांबवायचा हे चेंडू येण्याआधी ठरवण्याची कला आहे. ती मोठ्या मैदानावर, खऱ्या सामन्यात, चुकत चुकतच येते. बारा वर्षांच्या मुलाने अशा शंभर संधी वाया घालवलेल्या असाव्या लागतात, तेव्हा बाविसाव्या वर्षी तो एक संधी साधतो. आपल्या मुलांना ती शंभर वेळा चुकण्याची सोयच नाही.

सोय का नाही, तर आपल्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या आहेत. जिल्ह्याच्या स्पर्धा पावसाळ्याच्या सुमारास उरकायच्या असतात, शाळा पुष्कळ असतात आणि मैदाने मोजकी, त्यामुळे पहिला सामना हरलेल्या शाळेच्या मुलांचे वर्ष एका तासाच्या आत संपते. याचा आणखी एक परिणाम आहे, तो बाहेरच्या माणसाला दिसत नाही. एकच सामना हातात असेल तर शिक्षक न हरण्याचा विचार आधी करतो. गोल खायचा नाही म्हणून संघातला सर्वांत धडधाकट आणि समजूतदार मुलगा तो मागे सेंटर बॅकला उभा करतो, पुढे एखादा पळणारा मुलगा ठेवतो आणि लांब चेंडू मारायला सांगतो. बरोबरी झाली तर पेनल्टीवर बघू, असा हिशेब असतो. मी स्वतः तरुणपणी शाळेचा संघ सांभाळताना हेच केले आहे. साखळी पद्धतीत मात्र दहा सामने असतात, तीन हरले तरी स्पर्धा चालू राहते आणि शिक्षक धाडस करू शकतो. आपले बचावपटू बरे आणि स्ट्रायकर कमी का, याचे निम्मे उत्तर मला तरी या स्पर्धांच्या वेळापत्रकात सापडते.

माझ्याकडे एक वही आहे, तिच्यात मी प्रत्येक मुलाच्या खऱ्या सामन्यांची मिनिटे लिहितो. गेल्या हंगामात माझ्या सर्वांत नियमित फॉरवर्डला वर्षभरात अकरा पूर्ण सामने मिळाले. फुटबॉलमध्ये पुढे असलेल्या देशांत या वयाची मुले हंगामभर जवळजवळ दर आठवड्याला सामना खेळतात. त्यातच नववीला क्लास सुरू होतात, दहावीला क्रीडागुणांपुरता खेळ उरतो आणि अकरावीत मूल बहुधा दिसतच नाही. पूर्वी निदान डोळ्यांसमोर काही असायचे. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी, असे चार व्यावसायिक क्लब गेल्या वीस वर्षांत या शहरात झाले आणि २०१९ पर्यंत सगळे बंद पडले. पंधरा वर्षांचा मुलगा बालेवाडीला जाऊन आपल्याच गावचा संघ राष्ट्रीय लीगमध्ये खेळताना पाहायचा, त्याच्या अकादमीच्या चाचणीला जायचा. आता त्याला घर सोडून मुंबईला, गोव्याला किंवा बंगळुरूला जावे लागते, आणि किती पालक तयार होतील?

कोल्हापूरकडे पाहिले की मला जरा हुरूप येतो. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरते, पेठेच्या इज्जतीसाठी मुले खेळतात आणि गल्लीतला सोळा वर्षांचा मुलगा चाळिशीच्या कसलेल्या बचावपटूला अंगावर घेऊन खेळायला शिकतो. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, हा योगायोग नाही. त्या गावाला वरच्या लीगमधला क्लब मिळाला नाही, ही महाराष्ट्राच्या फुटबॉलची मोठी खंत आहे.

आता उझबेकिस्तानचे उदाहरण देतो, कारण ते युरोपातले नाही, आपल्याच खंडातले आहे आणि आपण त्यांच्याशी खेळलो आहोत. २०२४च्या करंडकात आपल्याविरुद्ध त्यांचा पहिला गोल चौथ्या मिनिटाला अब्बोसबेक फायझुल्लायेवने केला. तो तेव्हा वीस वर्षांचा होता. आदल्याच वर्षी, २०२३ मध्ये, उझबेकिस्तानने वीस वर्षांखालील आशियाई करंडक जिंकला होता आणि तो त्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. त्याच संघातला अब्दुकोदिर खुसानोव जानेवारी २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीत गेला, आणि जून २०२५ मध्ये उझबेकिस्तान इतिहासात प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरला. त्यांनी केले काय, तर आपल्या एकवीस वर्षांखालच्या मुलांचा ऑलिम्पिक ताश्कंद नावाचा एक क्लबच उभा केला आणि तो देशाच्या लीगमध्ये मोठ्या माणसांविरुद्ध खेळवला. हरू दे, शिकू दे, असे धोरण ठेवले. आपल्याकडे नेमके हेच इंडियन ॲरोज या नावाने होत होते. २०१७च्या विश्वचषकातली मुले त्या संघातून आय-लीग खेळली. २०२२ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तो संघ बंद केला आणि पैसा वयोगटांच्या लीगकडे वळवला. माझ्या मते तो निर्णय चुकीचा होता. वयोगटाची लीग हवीच, परंतु अठरा वर्षांच्या फॉरवर्डला तीस वर्षांच्या सेंटर बॅकच्या खांद्याचा धक्का समवयस्कांच्या सामन्यात कधीच मिळत नाही.

परदेशस्थ खेळाडूंविषयी विचारले आहे. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे केवळ ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) असलेला खेळाडू भारताकडून खेळू शकत नाही. त्याला दुसरे पारपत्र सोडावे लागते. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने ते सोडून २०२५ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले, आणि त्याच्या या निर्णयाबद्दल मला मनापासून आदर आहे. बांगलादेशने इंग्लंडमध्ये वाढलेल्या हमझा चौधरीला आणले आणि त्यांच्या मधल्या फळीत लगेच फरक दिसला. म्हणून आणता आले तर जरूर आणावे. एक-दोन खेळाडूंनी संघ सावरतो, बाकीच्यांच्या सरावाचा दर्जाही वाढतो. परंतु पारपत्र सोडायला तयार होणारे खेळाडू बोटांवर मोजण्याइतकेच असणार, आणि त्यांच्या भरवशावर देशाच्या फुटबॉलची आखणी करता येणार नाही.

इंडियन सुपर लीगचा घोळ मात्र तातडीने मिटायला हवा. महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातल्या कराराची मुदत संपत आल्यावर जुलै २०२५ मध्ये पुढचा हंगाम थांबवला गेला आणि ते वर्ष संपेपर्यंत लीगचा एकही सामना झाला नाही. ज्या महिन्यांत आपला संघ सिंगापूर आणि बांगलादेशशी खेळत होता, त्या महिन्यांत आपल्या खेळाडूंना नियमित लीग नव्हती. सामन्याचा सराव नसलेल्या फॉरवर्डचा पाय सर्वांत आधी गोलसमोर कचरतो, हे कोणताही प्रशिक्षक सांगेल.

मग आशा कशाची धरायची? नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला आपल्या सतरा वर्षांखालच्या संघाने इराणला २-१ असे हरवून आशियाई करंडकाची पात्रता मिळवली. इराणला, आणि पिछाडीवरून येऊन! ही मुले २००९ किंवा त्यानंतर जन्मलेली आहेत. २०३१च्या मोठ्या आशियाई करंडकात ती फार तर बाविशीत असतील. दोन करंडकांच्या मधल्या काळात त्यांचे काय होते, यावर माझी नजर राहील. त्यांना क्लबच्या बाकावर बसवून ठेवले तर २०१७च्या मुलांपैकी अनेकांचे झाले तेच होईल. त्यांचा एक संघ करून दुसऱ्या श्रेणीच्या राष्ट्रीय लीगमध्ये उतरवला, आणि त्या श्रेणीत परदेशी स्ट्रायकरला काही वर्षे मनाई केली, तर २०३१ला आपल्याकडे मधल्या स्ट्रायकरची नऊ नंबरची जर्सी घालणारे तीन-चार खरे पर्याय असतील. वरच्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंना सरसकट बंदी घालावी असे मी म्हणणार नाही. त्यांच्यासोबत रोज सराव केल्यानेच आपले बचावपटू सुधारले आहेत.

आपल्या मुलाबद्दल सांगायचे तर त्याला अकादमीत घालताना टर्फ किती चांगले आहे, गणवेश कोणता आहे, परदेशातल्या कोणत्या क्लबचे नाव दारावर आहे, हे विचारू नका. वर्षात मोठ्या मैदानावर किती साखळी सामने खेळवता आणि माझ्या मुलाला त्यातली किती मिनिटे मिळतील, हे विचारा. उत्तर वीस सामन्यांपेक्षा कमी आले तर आणखी चार पालकांना बरोबर घेऊन शेजारच्या दोन-तीन अकादम्यांशी बोला आणि रविवार सकाळची साखळी तुम्हीच सुरू करा; दोन गोलजाळ्या, एक पंच आणि मैदानाचे भाडे याहून जास्त काही लागत नाही, आणि वेळापत्रक आखायला मी येईन. सामन्याच्या वेळी बाहेरून "मार" म्हणू नका, "पास दे" असेही म्हणू नका. त्या बारा वर्षांच्या मुलाला आम्ही पुढचे सहा रविवार एकच सांगितले, की बॉक्समध्ये चेंडू आला की माझ्याकडे पाहायचे नाही, चुकलास तरी मी बदली खेळाडू उतरवणार नाही. पाच रविवार त्याचे फटके बाहेर गेले. सहाव्या रविवारी डावीकडून आलेला चेंडू त्याने न थांबवता डाव्या पायाने जाळ्यात मारला.